पडद्यावरचे दोन ठिपके

ऐंशीच्या दशकात आमची तुकडी उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीच्या चाचणीसाठी रत्नागिरीजवळच्या सड्यावर, समुद्राकाठच्या कातळमाळावर होती. मी हवालदार साळवी, हेदवीचा. रेडिओ माझ्याकडे. घराजवळचं पोस्टिंग मिळूनही माझं बूड एका जागी टिकत नसे, कारण कामच वाट पाहण्याचं होतं.

दुर्बिणीचा डिटेक्टर स्वतः गरम असला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्याला कॅप्टनसाहेब नॉइज म्हणत. द्रवरूप नायट्रोजन ओतून त्याला गारठवायचं, मग चित्र निवळायचं. समोर समुद्रात होडी, होडीत पेटती शेगडी. ती शोधायची.

त्या सकाळी शेगडीपाशी नाईक मांडवकर होता, लांज्याचा. वल्ह्यावर पावस गावचे नावाडी दाऊदचाचा. धुरकट हवेत डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चाचणी संपली, डिटेक्टर बंद केला. मी सेटवर म्हणालो, "मांडवकर, परत या. ओव्हर."

"येतंव. चाय ठेवा. ओव्ह..."

सेट तुटला. पुन्हा पुन्हा हाका मारल्या. उत्तर नाही.

"रेस्क्यू बोट सोडा," कॅप्टन म्हणाले. बंद केलेला डिटेक्टर पुन्हा तापला होता, उरलेला नायट्रोजन ओतला. डिटेक्टरला घाई कळत नाही आणि मला धीर. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मला माणूस वाटत होता.

"दिशा सांगा. ओव्हर," बोटीवरून आवाज आला.

"सर, डावीकडे आहे काहीतरी!"

"बटण सोड, साळवी. तो नॉइज आहे. चुकीची दिशा दिलीस तर दोघेही जातील."

मी बटण सोडलं. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

हळूहळू मुंग्या विरल्या. उजव्या हाताला, अगदी जवळ जवळ, दोन ठिपके. डावीकडे काहीच नव्हतं.

"उजवीकडे, खडकाच्या बाहेर. दोघे आहेत. ओव्हर!"

बोट वळली. एवढ्यात एक ठिपका फिका झाला, परत उजळला, मग दिसेना. नॉइज पुन्हा वाढला असं मला वाटलं. मी कॅप्टनांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते. पडदा स्वच्छ होता.

दाऊदचाचांना किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्यांची मूठ उघडत नव्हती. तिच्यात मांडवकरच्या शर्टाची फाटलेली कॉलर होती.

"लाट आडवी आली नि होडी पालथी झाली. मी धरला होता त्याला," ते रडत म्हणाले. "त्याला पोवायला येत नव्हता हो! नि अंगातला तरंगायचा जाकीट त्याने रेडिओला गुंडाळलान. भिजला तर साहेब काय म्हणतील, म्हणे."

कोकणातला गडी, म्हणून पोहता येतं का हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही. सेट दुसऱ्या दिवशी वाळूवर सापडला, जाकिटासकट.

लांज्याला त्याच्या घरी मी अजून जातो. त्याची आई होती तोवर दरवेळी एकच विचारायची, "तुमका तो दिसत होता मां?"

"दिसत होता, आई," मी म्हणायचो. "शेवटपर्यंत."