कोळंब्यांच्या टाकीत घागरीचं पाणी

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, टाकीत लाल काहीच का हलत नाही?" तेव्हा माझी पाठ धरली होती आणि बोलायचं त्राणही नव्हतं. तुटक सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून आज बसले.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत भोरला आलात तेव्हा नखाएवढ्या लाल कोळंब्या तुम्ही पुण्याहून पिशवीतून आणल्यात आणि पाणवनस्पतींच्या टाकीत सोडल्यात. त्या म्हाताऱ्या होऊन केव्हाच गेल्या. आता होत्या त्या त्यांच्या पोरी, नाती, इथेच जन्मलेल्या. त्यांच्या जागी दुकानातल्या आणून चाललं नसतं.

टाकीतलं पाणी आटतं. नळाचं पाणी मी प्लास्टिकच्या बादलीत दिवसभर उघडं ठेवते, क्लोरीन उडालं की थोडंथोडं घालते. गेल्या आठवड्यात डोळा दाखवायला पुण्याला गेले आणि तिथे मुक्काम पडला. घरी माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, पासली गावाहून भातकापणी उरकून आलेल्या. थेट नळाचं पाणी घालू नका, एवढं त्यांना सांगितलं होतं.

परतले तर काही कोळंब्या सैरावैरा काचेवर आपटत होत्या, बऱ्याच कुशीवर पडलेल्या. टाकीतल्या गोगलगायीही तळाशी निपचित.

"जाऊबाई, पाणी कुठलं घातलंत?"

"घागरीतलं. रातभर भरून ठिवलेलं, आपन पितो त्येच. नळाचं नगं म्हनली व्हतीस न्हवं?"

घागर तांब्याची. आपण ते पाणी चांगलं म्हणून पितो. कोळंबीला मात्र पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही विष. हे सांगितलं तशा त्या पदर खोचून पुढे आल्या. "आमच्या वढ्यातल्या झिंग्यांचं आमी कालवण करतो बाई, आन् हितं त्येंचं दवापानी! सरक, त्यो पान्याचा मग दे हिकडं."

सगळं पाणी एकदम बदललं तरी त्या मरतात. म्हणून टाकीतून एक मगभर पाणी काढायचं, शेजाऱ्यांच्या प्लास्टिकच्या पिंपातलं शिळं पाणी हळूहळू सोडायचं, थांबायचं, पुन्हा काढायचं. जाऊबाई पाणी आणत होत्या, मी वाकून चहाच्या गाळणीने मेलेल्या वेचत होते.

"आता चहा फडक्यानं गाळ," त्या म्हणाल्या. हसू आलं, पण हसायलाही कंबर साथ देईना. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तुमचा बाबा म्हणाला, "आई, नव्या आणून देतो." नको म्हटलं. राग म्हणून नाही. पहिल्यापासून सगळं मांडायचं बळ आता अंगात नाही. टाकी उपसून ठेवायलाही मन होईना. जाऊबाई सकाळी उठल्या की आधी टाकीशी जातात.

गोगलगायी सगळ्या गेल्या. मॉस, म्हणजे टाकीतलं ते शेवाळ, अजून हिरवं आहे. त्यात मोजक्या कोळंब्या चरताना दिसतात, आणि त्यांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी आहेत.