चावी दिली कोणी

गल्लीत त्यांना सगळे काचवाले काका म्हणत. खिडक्यांना काचा बसवून देणं हा त्यांचा धंदा. काचा न्यायला एक छोटा टेम्पो होता. तो ते इतका हळू चालवत की पोरं ओरडत, "काका, उतरून ढकलू का?" टेम्पो कुणाला द्यायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

पण मेहुण्याला नाही म्हणणं जमलं नाही. त्याला घर बदलायचं होतं.

"तुझं लायसन्स?"

"संपलंय, भावोजी. करायचं राहूनच जातंय. इथल्या इथे तर जायचंय!"

काकांनी खिशातून चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

वळणावर टेम्पोने गल्लीतल्या इस्त्रीवाल्या बाईंना उडवलं. बाईंचा जीव वाचला, पण उजवं मनगट कायमचं आखडलं. त्यांनी भरपाईसाठी दावा लावला. मेहुण्याबरोबर टेम्पोचे मालक म्हणून काकांचंही नाव आलं. विमा कंपनीने हात वर केले. लायसन्स नसलेल्याला गाडी दिलीच कशी, असं तिचं म्हणणं.

"मी तर दुकानात होतो," काका वकिलाला म्हणाले.

"गाडी तुमची, जबाबदारी तुमची," वकील म्हणाला. "एकच पळवाट आहे. त्याने न विचारता नेली म्हणून सांगा."

काकांनी होकारार्थी मान हलवली. तसा जबाब कोर्टात गेला. घरी बायकोने एवढंच विचारलं, "अहो, म्हणजे माझा भाऊ चोर?" त्यानंतर ती ताट वाढून आत निघून जायची. काका भिंतीकडे बघत जेवायचे. घास गिळताना आवाज झाला तरी त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं.

सुनावणीला मेहुणा उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, "गाडी विचारून नेलीत की न विचारता?"

त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"न विचारता," तो म्हणाला. "भावोजींना काहीच माहीत नव्हतं."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बहिणीचा संसार राहावा म्हणून तो पोरगा चोर म्हणवून घेत होता, आणि आपण बाकावर बसून ऐकत होतो! ते उठले. वकिलाने सदरा ओढला, तरी खाली बसले नाहीत.

"साहेब, चावी मी दिली. या हाताने. लायसन्स संपलंय हेही ठाऊक होतं."

निकाल लागला. भरपाई दोघांवर बसली, आणि काकांच्या वाट्यासाठी टेम्पो विकावा लागला. आता ते काचा हातगाडीवर नेतात.

निकालानंतर ते इस्त्रीवाल्या बाईंकडे गेले होते. बाई डाव्या हाताने इस्त्री फिरवत होत्या. कॉलरला चुणी पडली, की पुन्हा पाणी शिंपडत होत्या.

"माफी मागायला आलोय," काका दारातूनच म्हणाले.

"आधी का नाही आलात?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही, पुढची कॉलर ओढून घेतली.

बायको आता बोलते. मेहुणाही येतो, चहा घेतो. पण गल्लीतलं कुणी म्हणालं, "काका, भर कोर्टात खरं बोललात, मोठं मन लागतं," की ते चटकन काहीतरी काम काढून दुकानाच्या आत जातात, आणि तो माणूस निघून जाईपर्यंत बाहेर येत नाहीत.