मामाजींचं पोटाचं औषध

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांना हाडांचा कॅन्सर झाला होता. दुखणं सहन होईना, म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. सोबत पोट साफ व्हायचं पातळ औषध होतं. सिस्टर म्हणाली होती, "या गोळीनं आतडं सुस्त होते. गोळी चालू हाये तोवर हे औषध बंद करायचं नाई."

गोळी मी वेळेवर दिली. औषध बंद केलं.

नवरा दिवसभर हायवेवरच्या जाम गावी ढाब्यावर कामाला, पोरं शाळेत. घरी आम्ही दोघंच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण मामाजींसमोर मी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. आणि औषधानं त्यांना दिवसातून दोन-तीनदा खाटेवरच शौचाचं भांडं लागायचं. ते भिंतीकडे तोंड करायचे, मी दाराकडे. एकदा धोतर भरलं. ते मी धुतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली. त्यांनी ती मागितली नाही. पाणीही कमी पिऊ लागले.

आठव्या दिवशी पोट दगडासारखं झालं. ओकाऱ्या सुरू झाल्या. "गोळीच बाधून राह्यली," म्हणून त्यांनी गोळीही घेतली नाही. मग दुखण्यानं असे ओरडले की शेजारीपाजारी धावून आले.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "पोटाचं औषध रोज देता न, बाई?"

नवरा बाजूलाच उभा. मी पदर पुढे ओढला.

मामाजीच बोलले, "देते ना. सकाय-संध्याकाय देते. लई करते बिचारी."

डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, औषध देऊनही असं झालं म्हणजे आतडं आजारानंच अडलं असेल, नाकातून नळी टाकावी लागेल.

सिस्टर नळी आणायला निघाली. मी तिच्यामागे गेले आणि व्हरांड्यात तिचा हात धरून खरं सांगितलं.

"काऊन बंद केलं?"

"लाज वाटे."

"लाज तुमाले, अन् जीव त्यायचा?" ती म्हणाली आणि तशीच डॉक्टरांकडे परत गेली.

नळीऐवजी एनिमा दिला. संध्याकाळपर्यंत पोट मोकळं झालं, गोळी पुन्हा सुरू झाली. नवऱ्याला सिस्टरनं काही सांगितलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर औषध घेऊन मामाजींपुढे उभी राहिले. माफी मागायची होती, ती काही जमली नाही. ते औषध प्यायले आणि म्हणाले, "भांडं जवळच ठेवजो, बाई. मले तुले हाक माराची लाज वाटते."

त्यांनाही लाज वाटत असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.