पोटाचं सांगितलं, मनाचं राहिलं

मंद्रूपच्या स्टँडवर सोलापूरची एस्टी लागली, तेव्हा रडायचं सोडून आई माझ्या बॅगेत ज्वारीच्या पिठाची पिशवी कोंबत होती. "ताकात आंबवून आंबील करून पीत जा. परक्या मुलखात पोट पयलं बिघडतंय." माझे वडील, अण्णा, "जर्मनीत दुकानं हायती की" म्हणत राहिले, आणि पिशवीला सुतळी त्यांनीच बांधली.

आमच्या घरात "कशी आहेस" असं कुणी विचारत नाही. "जेवलीस का" आणि "पोट साफ हाय का" यातच ख्यालीखुशाली संपते. परीक्षेची धास्ती असो की मैत्रिणीशी भांडण, इलाज आंबीलच.

जर्मनीतल्या दुसऱ्या हिवाळ्यात माझं पोट खरंच बिघडलं. कधी कळा, कधी जुलाब. त्यातच झोप उडाली, मीटिंगमध्ये उगाच डोळे भरून यायचे. पोटाचं आईला रोज सांगत होते. मनाचं सांगायची छाती होईना, कारण गावात मनाचं दुखणं म्हटलं की लोक थेट वेडावरच येतात. आई बिचारी फोनवरून ताक वाढव, आंबील पातळ कर म्हणत राहिली. अण्णा तिथल्या पावाला शिव्या घालत राहिले.

इथल्या डॉक्टरबाईंनी पोटाबरोबर झोपेचंही विचारलं. तपासणीत आतड्याला सूज निघाली. त्या म्हणाल्या, आतडी आणि मेंदू एकमेकांना सारखे निरोप धाडत असतात. सूज राहिली तर मनही खचू शकतं, आणि मन खचलं की पोट आणखी बिघडतं. नेमकं कसं, ते अजून सगळं कळलेलं नाही. त्यांनी औषधं दोन्हींची दिली, शिवाय कौन्सेलिंग.

माझ्यासारखं गाव सोडून बाहेर पडलेल्यांनो, खरं सांगते, आजारापेक्षा त्या रविवारच्या व्हिडिओ कॉलची मला जास्त भीती वाटली. यातली एक गोळी मनाची आहे, असं आईला सांगून टाकलं. आता रडेल, नाहीतर परत ये म्हणेल, असं वाटलं. ती चिडलीच.

"पोटाचं सांगत व्हतीस, मग मनाचं का न्हाय? दोनी मीच दिल्यात की तुला!"

मी ढसाढसा रडले. अण्णांनी फोन गोठ्यात नेला आणि नवं वासरू दाखवलं.

आता बरंच बरं आहे. तरी एखाद्या रविवारी मी "आज बरं वाटंना" एवढंच म्हणते. आई फोन डब्याला टेकवते आणि मेथी निवडत बसते. बोलत नाही, ठेवतही नाही. माझ्यासाठी घर म्हणजे तेवढंच.