चालू करू का, मावशी?

माझा भाचा माहितीपट करतो. स्वतःच्या हिमतीवर आणि बायकोच्या पगारावर, असं तोच सांगतो. त्याच्या फिल्मला येणाऱ्यांत निम्मे आम्ही नातेवाईक, आणि आमचाही एक डोळा नंतरच्या चहावर.

यावेळी त्याने टाचणीला धरलं होतं. टाचणी म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारी. ओठांत कायम टाचण्या, म्हणून ते नाव. माझ्यासारख्या पोरीला तिने पडद्यामागे उभ्या उभ्या राणी केलं. माझी कंबर वाढली की करवादायची, आणि शिवणही तीच उसवून द्यायची. म्हातारपणी तिला माणसं आठवेनाशी झाली, पण हातात कापड दिलं की सुई चालायची. भाचा तेच टिपत होता, गेली कितीतरी वर्षं.

त्याचा एक नेम होता. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी दरवेळी टाचणीला विचारायचं, "चालू करू का, मावशी?" ती म्हणायची, "आधी स्वतःचे केस विंचर, मग कर."

शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. माझा राणीचा झगा ती दुरुस्त करणार, म्हणून मीही तो काखोटीला मारून गेले. तिने झग्यावर हात फिरवला, चार टाके घातले आणि थांबली. टाके वेडेवाकडे पडले होते. तेवढ्यात भाच्याने विचारलं, "चालू करू का, मावशी?"

"काय चालू?"

"तुमची फिल्म. तुम्हाला विचारूनच काढतोय."

"मग आज 'नको' सांगते. आधीचं काढलंस तेही कुणाला दाखवू नकोस. माझी असली शिवण लोकांनी बघायची नाही."

तिचा आवाज अगदी जुना होता, तालमीत सगळ्यांना गप्प करणारा.

दाराशी तिची लेक हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नकोस रे. उद्या ये, हो म्हणेल. तिच्या लक्षातही राहणार नाही."

"माझ्या राहील ना, ताई," भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, तर ती हसून म्हणाली, "कर की. विचारतोस काय?" त्याचा हात कॅमेऱ्याच्या बॅगेकडे गेलाच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मी सोबतच्यांची विसरलेली वाक्यं सावरून घेतली. त्या खोलीत मी नुसती झग्याची घडी घालत राहिले. आदल्या दिवशीची टाचणी खरी की आजची, मी कोण सांगणार?

फिल्म त्याच्या कपाटात पडून आहे. तो अजून तिच्याकडे जातो, कधी मीही जाते.

"कॅमेरा नाही आणलास?" ती विचारते.

"दुरुस्तीला टाकलाय, मावशी."

"रिकामटेकडा मेला. बस मग, दोरा ओवून दे."

तो सुई उजेडाकडे धरतो. बराच वेळ लागतो त्याला.