मस्टँगमामांचा हातोडा

मस्टँगमामांनी आयुष्यात मस्टँग चालवली नाही, पण तिच्यापायी लोकांची नाकं मात्र फोडली. नामपल्लीच्या एका लग्नात पुण्याचे एक पाहुणे जेवताना म्हणाले, की छोटी पण झोकदार अशा ढंगाची पहिली अमेरिकन गाडी मस्टँगच. माझे हे सख्खे मामा पानावरून उठले. "बाराकुडा तिच्या दोन आठवडे आधी बाजारात आली," म्हणत त्यांनी पाहुण्यांच्या तोंडावर ठोसा ठेवून दिला. जिलबीवर रक्त सांडलं. मामा हात धुऊन परत बसले आणि मठ्ठा मागितला.

ते राहायला काचीगुड्याला. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचं त्यांचं काम. गाडीपाशी गेले की आधी बोटाच्या पेरांनी पत्रा ठोकायचे. खणखणीत वाजला तर अस्सल, भद्द वाजला तर चेप लपवायला आत पुट्टी भरलेली. ही सवय इतकी अंगात मुरली होती की कलिंगड, दारं, आम्हा पोरांची डोकी, सगळं ठोकून बघायचे. माझं डोकं अस्सल. निखिलचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलाचं, पुट्टी. निखिल भोळा. कुणीही गोड बोलून त्याचं पेन, त्याची सायकल घेऊन जायचं, आणि फसून घरी आला की मामा कमरेचा पट्टा काढायचे. मामी मध्ये पडायची, तिलाही लागायचं. मला त्या मारहाणीचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. मामीचं समाधान एकच होतं. "माझा निखिल बापावर गेला नाही," असं ती येईल त्याला सांगायची.

सुलतान बाजारात रद्दीच्या दुकानांतून मामा जुनी अमेरिकन मासिकं आणायचे. एकदा एका अंकाला दुसऱ्या गिऱ्हाइकानंही हात घातला. अंक फाटला, गिऱ्हाइकाचा सदराही फाटला, आणि मामा अर्धीच मस्टँग घेऊन घरी आले. त्या मासिकांतून त्यांनी मसल कारची, म्हणजे छोट्या अंगात दांडगं इंजिन घातलेल्या गाड्यांची, सगळी कुंडली पाठ केली होती. छोट्या गाडीत मोठं इंजिन घालायला कंपनीची मनाई होती, म्हणून जीटीओ ही मसल कार आधी वेगळी गाडी नव्हतीच, साध्या गाडीवर मिळणारं जादा सामान म्हणून ती विकली, हे ते चोराचं कौतुक करावं तसं सांगायचे. मस्टँगला टक्कर द्यायला दुसऱ्या कंपनीनं कॅमेरो काढली, तेव्हा या नावाचा अर्थ काय, असं विचारल्यावर कंपनीवाले म्हणाले होते, मस्टँग खाणारं एक छोटं हिंस्र जनावर. हे सांगताना मामांचे सगळे दात दिसायचे.

पण या गाड्यांवर त्यांचा रागही तेवढाच. "इंजिन दिलं राक्षसाचं अन् ब्रेक दिले जुनेच, ड्रमचे," म्हणायचे. "पोरं मेली. लोक म्हणतात, मसल कार पेट्रोलच्या महागाईनं संपली. अरे, त्याच्या आधीच विम्याच्या हप्त्यांनी तिचा गळा दाबला होता. बरं झालं." दिवसभर चेपलेल्या गाड्यांत अडकलेल्या चपला आणि केस बघून आलेला माणूस होता तो. घरात पहिला ग्लास फुटायचा तो बहुधा अशाच संध्याकाळी.

निखिल मोठा होऊन गच्चीबावलीला आयटीत लागला. गेल्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तो खरोखरची लाल मस्टँग घेऊन गल्लीत शिरला. बंजारा हिल्सच्या एका दलालाकडून घेतलेली, सदुसष्टची, वडिलांना भेट म्हणून. सोबत बायको, चार वर्षांची मुलगी आणि सासरची मंडळी. "बाबा, उद्या पूजा झाली की हिच्यातनंच बीदरला जाऊ," तो म्हणाला आणि मामांकडे बघून हसला. मामांनी गाडीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघितले.

मंडळी चहाला आत गेल्यावर मामांनी मागच्या चाकावरचा पत्रा ठोकला. भद्द. छताचा खांब, भद्द. मग ते खाली झोपून गाडीच्या पोटाशी सरकले, आणि बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन मेलेल्या गाड्या मधोमध कापून जोडल्यात," ते मला म्हणाले. "हायवेवर ब्रेक मारला की दोन तुकडे होतात. नात मागच्या सीटवर असणार."

"मग निखिलला सांगा."

"काय सांगू? परत फसलास म्हणून? पोरगं जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसलं. ते हसू कसं मोडू? गाडी मोडतो. आणि तू तोंड उघडलंस तर दात घशात घालीन."

दसऱ्याच्या सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हार घातला. आमच्याकडे गाडीपुढं कुंकू भरलेला कोहळा फोडतात. निखिलनं तो वडिलांच्या हातात दिला. मामांनी तो फोडला, लाल पाणी रस्त्यावर पसरलं, आणि त्यांनी पिशवीतून हातोडा काढला.

"सदुसष्टच्या मस्टँगला बाजूचे दिवे नसतात! ते अडुसष्टला आले!" ओरडत त्यांनी पुढच्या फेंडरचा दिवा फोडला. मग पुढची काच, मग स्टिअरिंग, मग इंजिन. नात किंचाळत होती. शेजारचे जब्बारभाई धावले, "नक्को साब, हौला हो गए क्या, पागल?" म्हणत त्यांनी मामांची कंबर धरली. "बाबा, काय करायलाव तुम्ही?" म्हणत निखिल आडवा आला, तर मामांचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्त आणि कुंकू एक झालं. गाडी जागची हलणार नाही अशी झाली तेव्हाच मामा थांबले.

दिव्यापायी गाडी फोडली, असं सगळ्या नातेवाइकांत झालं. कुणाला नवल वाटलं नाही. निखिलनं बोलणं टाकलं. ओढून अंगणात आणलेली गाडी तिथंच पडून राहिली. दलाल ती मोडकी गाडी स्वस्तात परत न्यायला आला, तर मामा त्याच्या अंगावर धावून गेले. "पुन्हा जोडशील अन् दुसऱ्या कुणाची पोरं बसवशील."

उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच, कुणावर हात न उगारता. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर निखिल तोच हातोडा घेऊन अंगणात गेला. मी मागं गेले. त्यानं मागच्या पत्र्यावर सगळा राग काढला. पुट्टीचा जाड पापुद्रा खाली पडला. आणखी एक घाव, आणि खांबाचा जोड उघडा पडला. तो थबकला. हातोडा ठेवून बोटाच्या पेरांनी ठोकत गाडीभोवती फिरला.

"बाबांना माहीत होतं?"

"हौ. आदल्या संध्याकाळीच."

"मग बोलले का नाहीत?"

त्याच्या त्या हसण्याबद्दल मामा काय म्हणाले होते, ते मी सांगितलं. तो तिथंच मातीत बसला आणि मोठ्यानं रडला. मग उठला, हातोडा उचलला आणि पुन्हा कुणाला जोडता येणार नाही अशी ती गाडी फोडत सुटला. हाताला फोड आले तरी थांबेना.

मामी खिडकीत उभी होती.

"बापावर गेलाय," ती म्हणाली.