‘कोणाले पाहिजे?’ विचारणारे ताकसांडेभाऊ

मी ताकसांडेभाऊंशी खोटं बोलले होते. ते छापून यावं, एवढ्यासाठीच या गौरवग्रंथात लिहीत आहे. स्तुती करणारे इतर पुष्कळ आहेत.

आर्वीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या वर्षी भाऊंची ओळख झाली. एसटी डेपोजवळचं त्यांचं औषधांचं दुकान तेव्हा नवं होतं. मी डोकेदुखीची गोळी मागितली. त्यांनी आधी विचारलं, “कोणाले पाहिजे?” मला त्या चौकशीचा रागच आला.

पंचाहत्तरीतही त्यांनी ती सोडलेली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे लोक कंबरदुखीच्या चार-चार गोळ्या पट्टीतून कापून नेतात. तुकड्यावर नाव राहत नाही; पोटात काय गेलं ते डॉक्टरांनाही कळत नाही. भाऊ पुडीवर गोळीचं नाव लिहून देतात, आणि बीपी असलेल्यांना चालू गोळ्यांची रिकामी पट्टी आणायला लावतात. एकदा एक मजूर बाई माझ्यासमोरच चिडल्या.

“समोरच्या दुकानात कोणी काही इचारत नाई. तुमीच काऊन वकिलावानी इचारून राह्यले?”

“वकील बरा वं माय. केस हरला तं अपील राह्यते. किडनीची अपील नाई होत.”

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी पदराला पिनेने लावून आल्या. भाऊंनी त्यांना पॅरासिटामॉल दिली, दिवसाला किती ते त्यांच्याकडून बोटांवर मोजून घेतलं आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं.

माझी थोरली बहीण सुशीलाताई माझ्याकडेच राहते. गुडघे दुखायचे. बीपीच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. मी भाऊंकडे दुखण्याची जोरदार गोळी मागितली.

“कोणाले पाहिजे, मॅडम?”

“मलाच. बीपी नाही मला. द्या लवकर.”

खरं सांगितलं तर देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तीन दिवसांच्या दिल्या. पुढच्या वेळी म्हणाले, “आता डॉक्टरले दाखवा.” मी दुसऱ्या दुकानात गेले. ताईने दोन महिने रोज गोळ्या घेतल्या. बीपी चढला, पाय सुजले, लघवी कमी झाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बीपीच्या औषधांवर अशी गोळी रोज घेतली तर बीपीही चढू शकतो आणि मूत्रपिंडंही मार खातात. ताईची मूत्रपिंडं सावरली नाहीत. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

मी भाऊंना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी अपेक्षा होती. ते एवढंच म्हणाले, “वळखीच्या होत्या म्हणून तुमाले दुसऱ्यांदा नाई इचारलं. चुकलंच माह्यं.” चूक माझी होती. तरी पहिल्या डायलिसिसला ते दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर वर्ध्याला आले. तेव्हापासून ते ओळखीच्यांनाही दोनदा विचारतात. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

भाऊंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्या काउंटरवर बसण्याची ताकद टिकून राहो. या गावाला त्यांची गरज आहे.

हा लेख गौरवग्रंथाच्या समितीकडे देण्याआधी भाऊंच्या हाती दिलं ते असं: सुशीलाताईच्या रक्ततपासणीचे अहवाल, गोळ्या सुरू होण्याआधीचा एक आणि नंतरचे तीन, दुकानात लावण्यासाठी. नाव खोडू का, असं मी ताईला विचारलं होतं. “राहू दे,” ती म्हणाली, “नाव असलं तं लोक वाचतीन.” चारही कागद नावासकट भाऊंना पोचले.